गेमिंग कॉम्प्युटर घेताय? आधी पॉवर सप्लायचं लेबल वाचा

दहावी-बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच मागणी सुरू होते, गेमिंगचा कॉम्प्युटर. मुलानं यूट्यूबवर सगळं पाहिलेलं असतं, अब्बांना त्यातलं फारसं कळत नाही आणि दुकानदार दोघांनाही ओळखून असतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातलं दुकान, पहिलं वाक्य ठरलेलं: "आय७ है, सोला जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड के साथ." भाव ऐकून सौदा स्वस्त वाटतो. पैसे काढण्याआधी आपण दोन प्रश्न विचारायचे. हा आय७ कितव्या जनरेशनचा? आणि आत पॉवर सप्लाय कोणता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मॉडेलच्या आकड्यात असतं. आय७-२६०० म्हणजे दुसरी जनरेशन, २०११ सालचा माल. आय३-१२१०० म्हणजे बारावी, २०२२ सालचा. दोघांतही चारच कोअर, पण हा आय३ त्या आय७ला सहज मागे टाकतो. तेव्हा नुसत्या 'आय७' या नावाला भुलू नये. शिवाय विंडोज ११ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा एएमडीची रायझन २००० मालिका तरी लागते, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट नसेल तर सुरूच होत नाही. ज्या गेमसाठी मशीन घेतलं तोच चालला नाही, तर घरात काय ऐकावं लागेल ते सांगायला नको.

आता दुसरा प्रश्न. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण पॉवर सप्लाय कॅबिनेटच्या आत असतो, दिसत नाही आणि कुणाला दाखवून मिरवताही येत नाही. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणाऱ्या डब्यावर ४५० वॅट असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते सोडा, बाजूचं छोटं लेबल वाचा. त्यावर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. १८ अँपिअर असतील तर झाले २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. आरटीएक्स ३०६० हे एकटं कार्डच १७० वॅटपर्यंत ओढतं आणि त्यासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे. अशुद्ध किंवा अपुरी वीज मिळाली की गेम रंगात आला असताना मशीन बंद पडतं. वाईटात वाईट म्हणजे सप्लाय जळताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जातो. '८० प्लस'चा शिक्का चांगलाच, पण तो फक्त वीज किती वाया जाते हे सांगतो. संरक्षणाची हमी देत नाही. आमच्या मते निदान पाच वर्षांची वॉरंटी असलेला सप्लाय घ्यावा आणि वाचवायचेच असतील तर रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर पैसे वाचवावेत.

ग्राफिक्स कार्ड किती मोठं हवं, हे मॉनिटर आणि गेम ठरवतात. घरी साधा फुल एचडी मॉनिटर आहे आणि व्हॅलोरंट किंवा जीटीए फाइव्ह खेळायचं आहे, तर महागड्या कार्डाची गरज नाही. नवे मोठे गेम खेळायचे असतील तर कार्डाची स्वतःची मेमरी ८ जीबी तरी असावी. जुनं कार्ड घेताना डोळे उघडे ठेवा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं सेकंडहँड बाजारात आली. ती सगळीच टाकाऊ नसतात. पण काही कार्डांचं बायोस बदलून साध्या कार्डाला मोठ्या कार्डाचं नाव दिलेलं असतं. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी बरीच नकली कार्डं ओळखतं. समोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर सरळ सलाम करून निघावं.

आखातातून कुणी येतंय म्हणून तिथून कार्ड मागवायचा बेत बऱ्याच घरांत असतो, कोकणात तर जास्तच. भावात फरक पडू शकतो. मात्र अनेक कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असते, आणि कस्टमचा नियमही मामूंच्या बॅगेत डबा ठेवण्याआधी पाहावा.

एवढे पैसे एकदम नाहीत, मग हप्त्यांवर घ्यायचं का? व्याज टाळणाऱ्या घरांसाठी डेस्कटॉप सोयीचा आहे, कारण तो टप्प्याटप्प्याने उभा राहतो. रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी या प्रोसेसरांत ग्राफिक्स आतच असतं. त्यावर अभ्यास होतो, हलके गेमही चालतात. कार्ड वर्षभराने घ्या. ५६००जीचा एएम४ बोर्ड स्वस्त पडतो, पण ते सॉकेट २०१६चं आहे आणि त्यात पुढे वाढायला फारशी जागा उरलेली नाही. ८६००जीला एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते. खर्च जास्त, पण प्रोसेसर नंतर बदलता येईल. इंटेल घेणार असाल तर नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर या बेतात चालणार नाही, कार्डाशिवाय त्यावर चित्रच येत नाही. टप्प्याने घ्यायचं तर पॉवर सप्लाय मात्र पहिल्याच दिवशी पुढच्या कार्डाच्या हिशोबाने घ्यायचा.

रॅम १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८च्या दोन घ्याव्यात, विशेषतः ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तेव्हा. डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या बोर्डात बसत नाही, हे खरेदीआधीच बघून घ्या.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा घरच्या अर्थिंगचा असतो. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. वीज गेल्यावर मशीन नीट बंद करण्यासाठी तो आहे, मॅच पूर्ण करण्यासाठी नव्हे.

बिल पक्कं, जीएसटीचं घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. कार्ड बसवलं की मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावायची. नवं कार्ड असूनही गेम अडखळतोय, अशी तक्रार आली की आधी ही केबल बघावी.