नाटकं नाहीत हो ती!

मॉलमधल्या वॉशरूमबाहेर सात वर्षांचा एक मुलगा कानांवर हात दाबून फरशीवर लोळतोय. जिवाच्या आकांताने ओरडतोय. तुम्ही शेजारून जाताय. मनात काय येतं? ‘काय लाडावून ठेवलंय कार्ट्याला!’ खरं सांगा...

माझ्याही मनात तेच आलं होतं. फक्त ते कार्टं माझा सख्खा भाचा होता. ताईला जरा आराम म्हणून रविवारी मी त्याला घेऊन निघाले होते. पिझ्झा, गेम झोन, फुल टू धमाल! कुणीतरी हँड ड्रायर सुरू केला आणि प्लॅनचे बारा वाजले. मी काय केलं? चारचौघांत त्याला दंडाला धरून उभं केलं आणि ‘नाटकं बंद कर’ म्हणून दटावलं. आजही आठवलं की कसंतरीच होतं.

त्याला ऑटिझम आहे, हे मला माहीत होतं. कळलं नव्हतं, इतकंच. पंख्याची घरघर, शर्टाचं टोचणारं लेबल, शेजारच्या कुकरची शिट्टी... आपला मेंदू हे सगळं गुपचूप मागे ढकलतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना ते जमत नाही. सगळं एकदम, फुल व्हॉल्यूमवर! काहींचं नेमकं उलटं. त्यांच्यापर्यंत इतकं कमी पोचतं, की ती गरागरा फिरतात, भिंतीवर जाऊन आदळतात. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने यावर १९७२ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. आपण मात्र अजून ‘दोन फटके द्या, सरळ होईल’वरच!

ताईने हे वाक्य नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलं, की तिने लग्नकार्याला जाणंच सोडलं. ऑफिसात आठवड्यातून दोनदा थेरपीसाठी चारला निघायची, तर ‘आज पण हाफ डे?’ ठरलेलं. (तुमच्या क्युबिकलमध्येही अशी एखादी ताई असेल. हा जोक तिला मारू नका, प्लीज.) दोन शाळांनी ‘बाकीच्या मुलांना त्रास होतो’ म्हणून हात वर केले. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियाही आहे. सरकारमान्य शाळांनी मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्यात, असंही त्यात म्हटलंय. पण कायदा दाखवून वर्गातलं प्रेम मिळत नाही ना!

तिसऱ्या शाळेत मिळालं. बाईंनी काय केलं? त्याचा बाक खडखडणाऱ्या पंख्याखालून हलवला. घंटा व्हायच्या आधी त्या त्याला खूण करतात, मग तो कान झाकून तयार बसतो. आणि चुळबुळ वाढली, की वह्यांचा गठ्ठा स्टाफरूममध्ये पोचवायचं काम त्याच्याकडे. थेरपिस्टनेच सुचवलेलं हे. वजन उचललं, ढकललं की तो शांत होतो. त्याला वाटतं, आपण मॉनिटर आहोत!

गेल्या गणपतीत ढोल-ताशांना फाटा देऊन आम्ही सकाळी साडेसहालाच कसब्याच्या गणपतीला गेलो. कानांवर निळे इअरमफ्स. घंटेकडे बघून तो थबकला. ‘मी नाही वाजवणार,’ मी म्हटलं. मागच्या आजोबांचा हात मात्र वर गेलाच होता.

‘आजोबा, एक मिनिट थांबाल? त्याला आवाज सहन होत नाही.’

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि आमचं दर्शन होईपर्यंत तसेच थांबले.