भांडी घासण्यातील समाधान

परीक्षा जवळ आली म्हणजे मुलांस घरकामातून मोकळीक द्यावी, असे पुष्कळ पालकांस वाटते. आम्हांस ते पटत नाही. अभ्यासास अंत नसतो. घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांस असतो. पुरे झालेले काम डोळ्यांस दिसले म्हणजे मनाचा भार उतरतो.

मात्र ते काम नुसते उरकू नये. २०१५ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ५१ विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. साबणाचा वास, पाण्याची ऊब यांकडे चित्त देऊन ज्यांनी भांडी घासली, त्यांचीच अस्वस्थता कमी झाली. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातील ब्रदर लॉरेन्स यांसही स्वयंपाकघरातील कामातच ईश्वराचे सान्निध्य लाभले.

तेव्हा पालकहो, ही दहा मिनिटे मुलांपासून हिरावून घेऊ नका. आणि विद्यार्थीमित्रहो, आपले ताट आपणच घासा!