जुन्या पिकअपला दुसऱ्याच गाडीचा मागचा ॲक्सल! अमेरिकेतले लोक घरच्या घरी हे का करतात?

घरासमोर स्टँडवर चढवलेला पिकअप, खाली निघालेला मागचा ॲक्सल आणि शेजारी भंगारातून आणलेला दुसरा. असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. त्यातली गाडी बऱ्याचदा फोर्ड रेंजर असते आणि नवा ॲक्सल फोर्ड एक्सप्लोररचा.

हीच जोडी का?

लहान इंजिनाच्या रेंजरला मागे ७.५ इंची ॲक्सल यायचा. हा आकडा डिफरन्शियलमधल्या क्राउन गिअरच्या व्यासाचा. मोठे टायर लावले, जास्त ओझं ओढलं की हा ॲक्सल कमी पडतो. १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररचा ॲक्सल ८.८ इंची. त्याचे शाफ्ट जाड, ३१ दात्यांचे, ७.५ इंचीचे २८ दात्यांचे. शिवाय ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक मिळतात. चाकाचे पाच बोल्ट दोन्हीकडे सारख्याच अंतरावर असतात आणि १९९३ नंतरच्या रेंजरशी रुंदीत फरक जेमतेम एका इंचाचा. थोडक्यात, भंगाराच्या भावात मजबूत माल.

मग काढला आणि बसवला, इतकं सोपं आहे?

नाही. खरी मेख पाट्यांमध्ये आहे. रेंजरमध्ये पाटे ॲक्सलच्या वर असतात, एक्सप्लोररमध्ये खाली. त्यामुळे पाटे टेकवायच्या जुन्या बैठका कापून नव्या बैठका वरच्या बाजूला वेल्ड कराव्या लागतात. गाडीचं मागचं सगळं वजन या वेल्डिंगवर येतं. ते कच्चं राहिलं तर ॲक्सल धावत्या गाडीखाली फिरू शकतो. एका दमात लांब वेल्डिंग केलं, तर उष्णतेने ॲक्सलची नळी वाकते. म्हणून थोडं वेल्ड करायचं, थंड होऊ द्यायचं, मग पुढचं. व्हिडिओत हा भाग वीस सेकंदांत उरकतात, प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

वेल्डिंगआधी कोन जुळवावा लागतो. साध्या दोन जॉइंटच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये पिनियन आणि गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट समांतर हवेत, नाहीतर वेग वाढला की गाडी थरथरते आणि जॉइंट लवकर जातात. हा कोन गाडीचं वजन चाकांवर असतानाच बघतात, कारण गाडी लटकलेली असताना पाटे सैल होऊन कोन बदलतो.

गिअरचं प्रमाण हा दुसरा सापळा. ३.७३ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ३.७३ फेरे. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढचं आणि मागचं प्रमाण एकच लागतं. पुढे ४.१० आणि मागे ३.७३ असेल, तर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचा बळी जातो. खरेदीआधी दोन्ही चाकं एकत्र एक फेरा फिरवून शाफ्टचे फेरे मोजले की फसगत टळते.

ब्रेकचं काय?

डिस्क आली की ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल सगळं नव्याने जुळवावं लागतं. लाइनमध्ये हवा राहिली तर पेडल थेट तळाला जातं. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही बदलतो. पिकअप रिकामा असताना मागे वजन कमी, त्यामुळे मागची चाकं आधी लॉक होत नाहीत ना, हे मोकळ्या जागेत हळू वेगात तपासावं लागतं. यू-बोल्ट मात्र नवेच घेतात, जुने आवळताना ताणलेले असतात. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ.

भारतात असं करता येईल?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ इथे आडवं येतं. नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीने ठरवलेल्या रचनेशी विसंगत बदल करायला या कलमानुसार मनाई आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा ॲक्सल बदलणं ही दुरुस्ती. दुसऱ्या गाडीचा ॲक्सल कापून-जोडून बसवायचा असेल, तर आधी आरटीओत विचारा. अपघात झाल्यावर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारू शकते.