भिंतीवरचा वाघ निघाला जगाच्या भेटीला

तिलवाऱ्याला पोहोचणारी नर्मदा वाटेत ज्या रानातून येते, तिथल्या एका खेड्यातल्या मुलानं मातीच्या भिंतीवर चित्रं काढली. पुढं ती पॅरिसपर्यंत गेली. पण त्याची खरी कमाई वेगळीच होती.

नागपूरहून मोटारीनं जबलपूरला निघालं की शहर लागायच्या जरा आधी तिलवाऱ्याचा पूल येतो. खाली नर्मदेचं संथ पात्र. गाडीतली वडीलधारी मंडळी हात जोडतात, ‘नर्मदे हर’ म्हणतात. परिक्रमेला जाऊन आलेल्या मराठी माणसाला हा घाट ओळखीचा असतो. संक्रांतीला इथं जत्रा भरते. १९३९ साली सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखालचं त्रिपुरी काँग्रेसचं अधिवेशन याच परिसरात झालं आणि १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थींचा काही भाग याच घाटावर नर्मदेत सोडला गेला.

या पुलावरून आणखीही एक गर्दी जाते. गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या. जबलपूर स्टेशनवर उतरून पेंचच्या जंगलाकडे निघालेली ही मंडळी. दुसरी वाट मंडल्यावरून कान्ह्याला जाते. ही माणसं परतली की शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारतात, ‘काय, वाघ दिसला का?’ दिसला असेल तर लगेच फोटो पुढं येतो. नसेल दिसला तर चेहरे पडतात आणि सहलीचे पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

तिलवाऱ्यापासून नदीच्या उलट दिशेनं वर जावं, मंडला मागं टाकावं, अमरकंटकच्या वाटेवर दिंडोरी जिल्ह्यात शिरावं. तिथल्या माणसांना असा प्रश्न कधी पडला नाही. त्यांच्या गोष्टींत, गाण्यांत आणि घराच्या भिंतींवर वाघ कायमच होता. हरिण होतं, मोर होता, डुक्कर होतं, मुंगीसुद्धा होती. याच भागातल्या पाटनगढ नावाच्या गावातून गोंड चित्रकला जगापुढं आली.

गाणारे झाले चित्रकार

पाटनगढचे हे चित्रकार परधान आहेत. परधान म्हणजे गोंड समाजाचे गायक, त्यांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा सांभाळणारे भाट. आपल्या यवतमाळ, चंद्रपूर भागातही हा समाज आहे. गोंडांचा बडा देव साजाच्या झाडात राहतो. साजा म्हणजे आपल्याकडचा ऐन. त्या झाडाखाली बाना नावाचं तंतुवाद्य वाजवून देवाला जागं करायचं, हे परधानाचं काम. ठरावीक वर्षांनी तो आपल्या गोंड यजमानांच्या घरी जायचा, त्यांच्या पूर्वजांची गाणी गायचा आणि धान्य, कपडे, कधी एखादं जनावर दान घेऊन परतायचा.

या समाजाची नोंद करून ठेवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. शामराव हिवाळे हे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले तरुण. आपले मित्र व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर १९३२ साली ते या डोंगरांत आले आणि आदिवासींमध्येच राहिले. पाटनगढलाही या दोघांचा मुक्काम होता. वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवरचा शामरावांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला.

पुढं काळ बदलला. यजमान गरीब झाले, दान आटलं. परधानांना मजुरीवर जावं लागलं आणि बाना खुंटीवर टांगला गेला. गाणी मात्र डोक्यात होती. ती बाहेर यायला दुसरी वाट शोधत होती.

एक गुराखी, एक भिंत

ही वाट जनगढ सिंह श्याम यांनी मोकळी केली. जनगणनेच्या धामधुमीत जन्म झाला, म्हणून मुलाचं नाव जनगढ ठेवलं, असं सांगतात. घरची गरिबी इतकी की शाळा अर्धवट सुटली आणि म्हशी राखायचं काम नशिबी आलं. सणासुदीला घरं सारवून त्यांवर नक्षी काढायची पद्धत या भागात जुनी आहे. या नक्षीला ‘डिगना’ म्हणतात आणि ती मुख्यतः बायकांच्या हातची. चुईची पांढरी माती, गेरू, पिवळी माती, कोळसा, शेण हेच रंग. जनगढही भिंतीवर चित्रं काढायचे.

१९८१ साली भोपाळमध्ये भारत भवन उभं राहत होतं. तिथल्या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती. शहरातल्या चित्रकाराचं काम आणि आदिवासी चित्रकाराचं काम एकाच छताखाली, एकाच मानानं ठेवायचं, असा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी तरुण कलावंतांना खेडोपाडी पाठवलं. त्यातल्या काहीजणांना पाटनगढमध्ये जनगढ यांनी काढलेलं भिंतीवरचं चित्र दिसलं. ते हात वेगळे आहेत, हे त्यांनी ओळखलं.

जनगढ भोपाळला आले. कागद मिळाला, बाटलीतले झगझगीत रंग मिळाले. पहिल्यांदा त्या रंगांना हात लावला तेव्हा अंगावर शहारा आला, असं ते पुढं सांगत. फेब्रुवारी १९८२ मध्ये भारत भवनाचं उद्घाटन झालं तेव्हा त्यांची चित्रं तिथं लागली होती. त्यानंतर सात वर्षांत, १९८९ साली, पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांचं काम पोहोचलं. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या भोपाळच्या विधान भवनातल्या भिंतीही त्यांनी रंगवल्या.

या चित्रांतल्या प्राण्यांचं वैशिष्ट्य काय? ती फोटोची नक्कल नसते. आधी बाह्यरेषा येते, मग शरीर ठिपक्यांनी, बारीक रेघांनी, अर्धचंद्रांनी भरलं जातं. त्यामुळे उभा असलेला प्राणीही थरथरतोय, श्वास घेतोय असं वाटतं. हरिणीच्या पोटातलं पाडसही दिसतं. बारशिंग्याची शिंगं वर वाढत वाढत झाडाच्या फांद्या होतात आणि त्यांवर पाखरं येऊन बसतात. प्राणी कुठं संपला आणि झाड कुठं सुरू झालं, ते सांगता येत नाही. जवळच्याच कान्ह्यात १९७० साली हे बारशिंगे अवघे ६६ उरले होते. जंगल खात्याच्या अनेक वर्षांच्या प्रयत्नांनी तो कळप सावरला. शिंगांना झाड मानणाऱ्या चित्रकाराला दोघांचं नशीब एकच असतं, हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

घर झालं शाळा

एवढं नाव झाल्यावर एखाद्यानं आपली कला मुठीत झाकून ठेवली असती. जनगढ यांनी उलट केलं. गावाकडच्या भाच्या-पुतण्यांना, मेहुण्यांना त्यांनी भोपाळला बोलावून घेतलं. राहायला जागा दिली, जेवू घातलं, हातात कुंचला दिला. सुरुवातीला ही मुलं त्यांच्या मोठ्या चित्रांत ठिपके भरायची. हात बसला की जनगढ त्यांना स्वतःची चित्रं काढायला लावायचे. पत्नी नानकुसिया बाईही रंगवू लागल्या.

मात्र एक शिस्त या घराण्यात रुजली. प्रत्येक चित्रकाराची भरण्याची खूण वेगळी हवी. कुणी शेतातल्या तासांवरून खूण घेतली, कुणी माशाच्या खवल्यांवरून, कुणी आजीच्या हातावरच्या गोंदणावरून. जाणकार माणूस सही न बघता वाघाच्या अंगावरचे ठिपके बघूनच सांगतो की हा कुणाचा वाघ! या साऱ्या परंपरेला आज ‘जनगढ कलम’ म्हणतात.

आणि ज्यानं इतक्यांना आसरा दिला, तो स्वतः मात्र परक्या देशात एकटा पडला. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेलेले असताना जनगढ यांनी आपलं आयुष्य संपवलं. वय चाळिशीच्या आसपास. भारतातले कलावंत हादरले. आदिवासी कलाकाराला परदेशी पाठवताना करार कोण वाचतं, त्याची काळजी कोण घेतं, असे प्रश्न तेव्हा जोरात विचारले गेले. त्या प्रश्नांचं महत्त्व आजही कमी झालेलं नाही.

जनगढ यांच्या मुलीचं नाव आहे जापानी. वडिलांच्या पहिल्या जपानवारीची आठवण म्हणून ते ठेवलेलं. जापानी श्याम आज नावाजलेल्या चित्रकार आहेत. काळ्या-पांढऱ्या रंगांत त्या रानातली जनावरं रंगवतात. ज्या देशानं वडील हिरावले त्याचं नाव घेऊन वडिलांचीच कला पुढं न्यायची, याला किती बळ लागत असेल!

लंडन झालं जंगल

जनगढ यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत एक त्यांचे पुतणे भज्जू श्याम. सोळाव्या वर्षी ते पोटासाठी भोपाळला आले. रात्रपाळीची राखण केली, विजेची कामं केली. मग काकांकडे ठिपके भरू लागले. पुढं एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला त्यांना लंडनला नेण्यात आलं. दोन महिने त्यांनी ते शहर पाहिलं, आणि पाहिलं ते गोंड डोळ्यांनी.

विमान त्यांना उडणाऱ्या हत्तीसारखं वाटलं. जमिनीखालून धावणारी रेल्वे झाली गांडूळ. बिग बेन घड्याळ म्हणजे पहाटे आरवून वेळ सांगणारा कोंबडा. घरी आणून पोहोचवणारी तीस नंबरची बस त्यांनी इमानी कुत्र्याच्या रूपात काढली. रात्री गुत्त्यात जमणारे लंडनकर त्यांना वटवाघळांसारखे दिसले. या चित्रांचं पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सनं २००४ साली काढलं, ‘द लंडन जंगल बुक’. किपलिंगसाहेबांनी सिवनीच्या रानावर गोष्टी लिहिल्या. त्या रानाच्या शेजारच्या मुलानं शंभरेक वर्षांनी साहेबाच्या शहराला जंगल करून फिट्टंफाट केली! २०१८ मध्ये भज्जू श्याम यांना पद्मश्री मिळाली.

बाबासाहेबांची गोष्ट, विंचवाची नांगी

मराठी वाचकाला अधिक जवळचं वाटावं असं काम दुर्गाबाई व्याम आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांचं आहे. दुर्गाबाई मंडला भागातल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण डिगना काढायला लहानपणीच आईकडून शिकल्या. २०११ साली आलेल्या ‘भीमायन’ या पुस्तकात या दांपत्यानं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आयुष्य चित्रांत मांडलं. मसूर स्टेशनवर ताटकळलेला लहानगा भीम, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, हे प्रसंग आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले. पण इथं आगगाडी सापासारखी वळणं घेत येते. अपमान करणाऱ्याच्या तोंडचे शब्द ज्या फुग्यात लिहिले आहेत, त्याला विंचवाची नांगी आहे. सोसणाऱ्याचे मऊ शब्द पाखराच्या आकारात येतात. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही कोण डंख मारतंय ते कळावं! दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

वाटणं आणि लुटणं

आज पाटनगढमध्ये घरोघरी चित्रकार आहेत. भोपाळच्या आदिवासी संग्रहालयात ही चित्रं बघायला देशभरातून माणसं येतात. पण चित्र लोकप्रिय झालं की नकलाही सुरू होतात. एखाद्या चित्रकाराचं हरिण त्याला न विचारता पिशवीवर, कपावर, साडीवर छापलं जातं. छापणारा पैसे कमावतो, चित्रकाराचं नावही कुठं नसतं. २०२३ मध्ये मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे कलेच्या नावाला संरक्षण आलं. माणसाच्या नावाची काळजी मात्र घेणाऱ्यानंच घ्यायला हवी.

जनगढ यांनी कला वाटली ती ओळखीच्या हातांत, आणि प्रत्येकाला स्वतःची खूण शोधायला लावून. वाटण्यात आणि लुटण्यात फरक आहे तो इथंच.

म्हणून घरासाठी असं चित्र घेताना काही गोष्टी आवर्जून कराव्यात. ते कुणी काढलं, गाव कोणतं, हे विचारावं. सही बघावी. हातानं काढलेलं आहे की छापील, ते स्पष्ट विचारून घ्यावं. छापील असेल तर दुकानदारानं तसं सांगायला हवं. एका चित्रात हजारो ठिपके असतात आणि त्यांमागं कित्येक दिवसांची बैठक असते. तेव्हा भाजीसारखी घासाघीस करू नये. भिंतीवर लावल्यावर पाहुण्यांना चित्रकाराचं नाव सांगावं.

मुलांबरोबर एक सुट्टी

ही कला मुलांना चटकन आवडते. मोठा कागद, एक काळं पेन आणि रंग एवढंच पुरे. आधी एखादा प्राणी बाजूनं काढावा, डोळा मोठा आणि शरीर सलग. मग त्याचे भाग पाडून प्रत्येक भाग एकाच प्रकारच्या खुणेनं भरावा. कुठली खूण घ्यायची? पुस्तकातली उचलू नये. आजीच्या लुगड्याच्या काठावर, कणसाच्या दाण्यांत, पावसाच्या रेघांत मुलांनी ती स्वतः शोधावी. ताईची खूण वेगळी, दादाची वेगळी. चित्र पूर्ण झालं की ते कुणाला तरी देऊन टाकावं. शेजारच्या आजोबांना, बाईंना, गावाकडच्या मावशीला. परधान कधी स्वतःपुरतं गात नसे.

पुढच्या वेळी तिलवाऱ्याचा पूल ओलांडताना नर्मदेला हात जोडाल, तेव्हा क्षणभर नदीच्या वरच्या अंगालाही बघा. त्या पाण्यानं वाटेत पाटनगढजवळचं रान पाहिलेलं आहे. आणि घरी परतल्यावर कुणी विचारलंच, ‘वाघ दिसला का?’ तर भिंतीकडे बोट दाखवून सांगता येईल, ‘हो, दिसला. आणि कुणाच्या हातचा आहे तेही माहीत आहे.’