भरती न पाहिलेले खलाशी

तेर हे गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव सोलापूरहून एका दिवसात पाहून येण्याजोगे आहे. आपण ते गोरोबाकाकांचे म्हणून ओळखतो. पण दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यांना ते ‘तगर’ या नावाने ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर या दोन्ही पेठांचा उल्लेख आहे. तगरचे जाडेभरडे आणि तलम कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला नेत, असे तीत म्हटले आहे. सोलापुरी चादरीच्या कितीतरी आधी आपल्या भागाचे कापड असे समुद्रापार जात होते!

हा माल न्यायला येणारी जहाजे जुलैच्या सुमारास ईजिप्तहून निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या जोरावर अरबी समुद्र ओलांडत. खरी कसोटी लागे ती प्रवासाच्या अगदी शेवटी, नर्मदेच्या मुखाशी. तेथे त्यांची गाठ भरतीशी पडे.

आता तुम्ही म्हणाल, दर्यावर्दी माणसाला भरतीचे काय नवल? आम्हा सोलापूरकरांना ते असेल, कारण समुद्रच दूर! पण ग्रीकांच्या घरचा भूमध्य समुद्र या बाबतीत अगदी निराळा आहे. तेथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीच्या पातळीत वीत-दीड वीत एवढाच फरक पडतो. आजही छोट्या जहाजातून पारोस, नॅक्सोस अशी ग्रीक बेटे पाहत हिंडणाऱ्या प्रवाशाला हे दिसते. सकाळी धक्क्याला बांधलेला दोर संध्याकाळी जवळपास तसाच असतो, आणि धक्क्यावर टाकलेली फळी फारशी वर-खाली होत नाही.

असे का व्हावे? चंद्र तर तेथेही तोच आहे. उत्तरासाठी थोडे गणित करू. भूमध्य समुद्राचे क्षेत्रफळ सुमारे 25 लाख चौरस किलोमीटर. महासागरातून पाणी येऊन त्याची पातळी 1 मीटर वाढायची, तर 2,500 घन किलोमीटर पाणी आत यायला हवे. दार मात्र एकच, जिब्राल्टरची सामुद्रधुनी. ती सर्वांत अरुंद जागी सुमारे 14 किलोमीटर रुंद आहे, आणि तिच्यातील उंबरठा सुमारे 300 मीटर खोल आहे. म्हणजे दाराचे क्षेत्रफळ ढोबळपणे 4.2 चौरस किलोमीटर धरू. 2,500 ला 4.2 ने भागले की सुमारे 595 किलोमीटर लांबीचा पाण्याचा लोंढा होतो. ओहोटीपासून भरतीपर्यंत वेळ मिळतो साधारण सहा तास. तेव्हा पाण्याला ताशी जवळजवळ 100 किलोमीटर वेगाने धावावे लागेल! असा प्रवाह जिब्राल्टरला वाहत नाही. पाणी पुरेसे आत येण्याआधीच बाहेर ओहोटी सुरू होते.

रिकाम्या डब्याच्या बुडाला खिळ्याने एक भोक पाडा. डबा पाण्याच्या बादलीत अर्धा बुडवून आतली पातळी बाहेरच्या इतकी होऊ द्या, आणि मग तो दर दोन-तीन सेकंदांनी थोडा वर-खाली करा. डब्याच्या मानाने बाहेरचे पाणी चढते-उतरते, आतले मात्र जेमतेम हलते. भोक मोठे करून पुन्हा पाहा.

चंद्र-सूर्य भूमध्य समुद्राच्या पाण्याला थेट ओढतातच, पण एवढ्याशा बंदिस्त समुद्रात त्याने थोडेच साधते. अपवादही आहेत. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरील गाबेसच्या आखातात बऱ्यापैकी भरती येते.

खंबातच्या आखाताचा प्रकार नेमका उलटा. त्याचे तोंड अरबी समुद्राकडे सताड उघडे, आणि आत जावे तसे ते नरसाळ्यासारखे अरुंद व उथळ होत जाते. आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा नाही, मग ते वर चढते. शिवाय झोक्याला योग्य वेळी धक्का देत राहिले की झोका जसा उंच जातो, तसा समुद्राच्या तालाशी आखातातील पाण्याचा ताल बराचसा जुळतो. मुंबईला मोठ्या भरतीच्या वेळी पातळीत चार-पाच मीटरांपर्यंत फरक पडतो, भावनगरला तो दहा मीटरांवर जातो. तेथे ओहोटीतही जहाजे तरंगती राहावीत म्हणून बंदराला पाणी अडवणारे दरवाजे बसवावे लागले.

वीतभर भरतीची सवय असलेल्या माणसावर हे कोसळले म्हणजे काय होते, ते इ. स. पूर्व 325 मध्ये सिंधूच्या मुखाशी दिसले होते. ओहोटी लागली आणि सिकंदराच्या आरमारातील जहाजे कोरड्यात रुतून बसली. पाणी परत आले तेव्हा काहींची मोडतोड झाली.

पेरिप्लसचा लेखक भडोचविषयी असाच बजावतो. आता पाणी होते तेथे थोड्याच वेळात तळ उघडा पडतो. अमावास्येच्या सुमारास तर दुरून गर्जना ऐकू येते आणि पाठोपाठ पाणी घुसते. नवख्याने येथे स्वतःच्या भरवशावर शिरू नये.

म्हणून तेथील राजाच्या नोकरीतील कोळी आपल्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येत. या होड्यांच्या दोन जाती त्याने नोंदवल्या आहेत, त्रप्पग आणि कोटिंब. भरती सुरू झाली की कोळी परदेशी जहाज ओढत वाळूच्या दांड्यांमधून वर नेत. ओहोटी लागली की ते ठरलेल्या जागी नांगर टाकत. या जागा म्हणजे नदीतले खोल डोह. सगळीकडचे पाणी ओसरले तरी तेथे जहाज तरंगण्याइतके पाणी उरे. कोणता डोह कोठे आहे आणि किती वेळात तेथवर पोचायचे, हे कोळ्यांना तोंडपाठ असले पाहिजे.