मान टाकलेली रोपे

“सर, सगळी मेली!” असे ओरडत आठवीचे दोन विद्यार्थी मधल्या सुटीत आमच्याकडे धावत आले. आदल्या दिवशी शाळेमागील वाफ्यांत आम्ही सर्वांनी मिळून टोमॅटोची चाळीस रोपे लाविली होती. जाऊन पाहतो तो प्रत्येक रोपाने मान टाकलेली! पाणी कमी पडले, असे निदान आम्ही तत्काळ केले आणि सकाळ, दुपार, सायंकाळ पाण्याचा मारा सुरू झाला. पाचव्या दिवशी पाने पिवळी पडली, कित्येकांचे बुंधे जमिनीलगत कुजले आणि अवघी अकरा रोपे उरली. मुलांनी आज्ञा पाळली होती. अज्ञान आमचे होते. म्हणूनच हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले.

मुळांच्या टोकांमागे अत्यंत नाजूक मूलरोम असतात. पाणी शोषण्याचे कार्य मुख्यतः हेच करतात आणि रोप उचलताना तुटतात तेही हेच. वर पाने मात्र आपल्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ सोडीतच राहतात. खर्च तोच, मिळकत घटलेली, अशी ही अवस्था होय. पिणारे तोंडच जायबंदी झाले असता भोवती अधिक पाणी ओतून काय साधणार? उलट मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो आणि नवी मुळे फुटण्याचे राहून जाते. तेव्हा प्रथम आवरावयाचा तो पानांचा खर्च.

दुसऱ्या खेपेस आम्ही आठवडाभर आधी रोपांचे पाणी थोडे कमी केले व त्यांना हळूहळू उन्हाची सवय लाविली. लागण सायंकाळी केली, मुळांभोवतीची माती शक्य तितकी न फोडता. गोव्यात माडाच्या झावळ्यांना काय तोटा! त्या रोपांच्या दक्षिणेस व पश्चिमेस तिरप्या रोविल्या, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळावे आणि दुपारचे टळावे. चार-पाच दिवसांनी एकेक काढून घेतली. लागणीच्या वेळी पाणी भरपूर दिले. पुढे मात्र मातीत बोट खुपसून पाहावयाचे आणि आत ओल लागली की झारी खाली ठेवावयाची, असा नियम केला. (हा नियम पाळणे मुलांना फार जड गेले. आम्हांसही.) खत मुळीच घातले नाही, कारण दुबळ्या मुळांभोवती क्षार वाढले तर पाणी ओढणे त्यांस अधिकच कठीण जाते.

दुपारी मान टाकलेले रोप सकाळी ताठ उभे असेल, तर काळजीचे कारण नाही. एके दिवशी पहाटे मुलांना पानांच्या कडांवर ओळीने बसलेले थेंब दिसले. ते दव नव्हते. दव सबंध पानावर पसरते; हे थेंब कडेच्या दात्यांवरच होते. मुळांनी रात्री वर ढकललेले पाणी असे बाहेर पडते. मुळे कामास लागल्याची ती खूण! पुढे आठवडाभरात शेंड्याशी नवी पाने उलगडली.

मात्र एक रोप महिन्याने, चांगले तरारलेले असता, हिरवेच्या हिरवे मलूल झाले आणि सकाळीही सावरले नाही. ही मर निराळी. ती मातीतील जिवाणूंमुळे होते आणि तिला सावलीचा उपयोग नाही. आम्ही खोडाचा तुकडा कापून त्याचे टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरले. थोड्याच वेळात त्यातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला. ते रोप मुळासकट उपटून जाळले. वांगी व मिरची टोमॅटोच्याच कुळातील असल्याने त्यांनाही त्या वाफ्यात मज्जाव केला. सध्या तेथे मुलांनी तांबडी भाजी पेरली आहे.