गेजवर आकडा बरोबर, तरी इंजिन बसलं! टर्बो रोटरीत एअर-फ्युएल रेशोचा घोळ नेमका कुठे होतो?

'टोकियो ड्रिफ्ट' सिनेमातली हानची केशरी-काळी गाडी आठवते? ती होती माझदाची आरएक्स-७. या गाडीचे आवाज आजही रील्सवर धुमाकूळ घालतात. रीलमध्ये दिसत नाही ते एवढंच, की ताकद वाढवलेलं असं इंजिन क्षणभर पेट्रोल कमी पडलं तरी कायमचं बसू शकतं.

पिस्टनच नाही, मग तुटतं काय?

हिरोशिमाच्या माझदा कंपनीने १९९१ मध्ये आणलेल्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये १३बी-आरईडब्ल्यू हे इंजिन होतं. ६५४ सीसीचे दोन त्रिकोणी रोटर, म्हणजे जेमतेम १३०८ सीसी, आणि सोबत दोन टर्बो. एवढ्याशा इंजिनातून सुरुवातीलाच २५५ पीएस ताकद मिळायची.

रोटरच्या तिन्ही टोकांवर एपेक्स सील नावाची पट्टी असते. जाडी फक्त २ मिलिमीटर. पिस्टन रिंगचं काम इथे ती करते. पट्टी कास्ट आयर्नची, त्यामुळे घासणं सोसते, घाव सोसत नाही. आणि घाव घालतो तो नॉक. स्पार्कची ज्वाळा पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटलं की जो धक्का बसतो, तो नॉक. पिस्टन इंजिन हलका नॉक काही काळ निभावून नेतं. टर्बो रोटरीत मात्र एकच जोरदार नॉक सील तोडू शकतो. मग तुकडा हाउसिंगवर ओरखडे काढत थेट टर्बोच्या पात्यांवर जातो. प्रत्येक सील दोन कप्प्यांच्या मध्ये असल्याने एक सील गेलं की दोन्ही कप्प्यांचं कॉम्प्रेशन जातं.

१४.७ चा आकडा बूस्टमध्ये चालत नाही

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, हे इंजिनिअरिंगच्या पुस्तकातलं उत्तर. (भारतातल्या ई२० पेट्रोलसाठी हाच आकडा साधारण १३.५ होतो. म्हणून अनुभवी ट्यूनर रेशोऐवजी 'लॅम्डा'त बोलतात. इंधन कुठलंही असो, तिथे नेमकं मिश्रण म्हणजे १.) टर्बो दाब भरू लागला की पिस्टन इंजिनात हा रेशो १२ च्या आसपास आणतात. रोटरीत ११ किंवा त्याहूनही रिच, म्हणजे आणखी पेट्रोल.

हे जादा पेट्रोल ताकदीसाठी नसतं, थंडाव्यासाठी असतं. रोटरीचा जळणाचा कप्पा लांबट आणि चपटा. ज्वाळेला टोकापर्यंत जायला वेळ लागतो, म्हणून तर प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. तोवर कोपऱ्यातलं मिश्रण तापत राहतं. पेट्रोलची वाफ होताना ती उष्णता शोषते आणि नॉक टळतो. पण म्हणून कितीही ओतून चालत नाही. १० च्या खाली गेलं की मिसफायर सुरू होतो आणि सीलवरचं तेल धुऊन निघतं.

गेज फसवतं ते असं

वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघून हिशेब करतो. रिच मिश्रणात मिसफायर झाला तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो आणि गेज 'लीन' दाखवतं. नवखा ट्यूनर आणखी पेट्रोल देतो, मिसफायर आणखी वाढतो.

दुसरी फसगत जास्त धोक्याची. सेन्सर बहुतेक वेळा दोन्ही रोटरच्या एकत्र धुरात बसवलेला असतो. एका रोटरचा इंजेक्टर थोडा तुंबलाय, तो १२ वर चाललाय आणि दुसरा १० वर. गेज मात्र निवांत ११ दाखवतं. म्हणून ट्यूनिंगआधी इंजेक्टर साफ करून त्यांचा फ्लो तपासून घेणं हा फालतू खर्च नाही.

सगळ्यात धोकादायक बदल बहुधा सगळ्यात साधा असतो: मोकळा एक्झॉस्ट. या गाडीत तो बसवला की मूळ वेस्टगेट अपुरं पडतं आणि बूस्ट ठरलेल्या मर्यादेच्या वर सरकतो. कंपनीचा ईसीयू हवा थेट मोजत नाही, मॅनिफोल्डमधल्या दाबावरून अंदाज बांधतो. इंजिन आता त्याच दाबाला जास्त हवा ओढतंय, हे त्याला कळतच नाही.

सुरुवात पंपापासून

लॅपटॉप उघडण्याआधी पेट्रोलचा दाब तपासायचा. १ बार बूस्ट वाढला तर इंजेक्टरमागचा दाबही १ बारने वाढलाच पाहिजे. थकलेला पंप खालच्या आरपीएमला ठीक वाटतो आणि वर जाऊन दगा देतो. ही घसरण अनेकदा रेशो बिघडण्याआधीच दिसते, त्यामुळे दाबाचं लॉगिंग हवंच.

मग डायनोवर सर्वात कमी बूस्ट, उशिराचं इग्निशन आणि मुद्दाम रिच मिश्रण. लॉग बघायचा, प्लग काढून बघायचे, मगच बूस्ट थोडा वाढवायचा. इग्निशन सगळ्यात शेवटी. दोन-चार पीएससाठी इग्निशन पुढे ओढण्याचा मोह इथे महागात पडतो. आफ्टरमार्केट ईसीयू असेल तर फेलसेफ लावता येतो: बूस्टमध्ये रेशो लीन झाला किंवा पेट्रोलचा दाब पडला, तर तो बूस्ट लगेच कमी करतो.

एवढं करूनही एक काम उरतं. ऑगस्टच्या उकाड्यात ट्यून केलेली गाडी जपानमधल्या जानेवारीच्या रात्री एक्सप्रेसवेवर निघाली, की तेवढ्याच दाबात हवा जास्त दाट असते. तापमानाची दुरुस्ती नीट भरलेली नसेल, तर तोच नकाशा आता लीन ठरतो. म्हणून जाणकार ट्यूनर पहिल्या थंडीत गाडी पुन्हा बोलावतात.